मर्सिडीजच्या पोटातला टेम्पो

घर हलवायचे तर टेम्पो लागतो, मंडळाचा गणपती आणायचा तर टेम्पो लागतो, कांदा मार्केट यार्डात न्यायचा तरी टेम्पोच लागतो. हा शब्द आपण इतका आपलासा करून टाकला आहे की तो एका जर्मन कंपनीच्या मालाचे नाव होता, हे सांगितल्यावर ऐकणारा क्षणभर थबकतो. हँबुर्गच्या हारबुर्ग भागात ‘विडाल उंड झोन’ नावाची कंपनी तीनचाकी आणि छोट्या मालगाड्या बनवीत असे आणि त्या ‘टेम्पो’ या नावाने विकीत असे. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. जर्मन आराखड्याची ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी सुरुवातीला मुंबईत गोरेगावला आणि पुढे आकुर्डीला तयार होऊ लागली, आणि पाहता पाहता एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले.

तिकडे जर्मनीत मात्र मूळ टेम्पो कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व फार टिकले नाही. ती हानोमागच्या ताब्यात गेली, आणि हानोमागचा वाहनांचा धंदा १९७१ पर्यंत पुरता डाइम्लर-बेंझकडे आला. सासरच्या घराबरोबर तिथले नातेवाईकही पदरात पडावेत, तशी मर्सिडीज बनवणारी कंपनी आकुर्डीच्या टेम्पोवाल्यांची भागीदार झाली. या नात्याचे उद्योगाच्या इतिहासात जे काय महत्त्व असेल ते असो. आपल्याकडच्या जुन्या मर्सिडीज गाड्यांच्या आयुष्यावर त्याचा जो परिणाम झाला, त्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही.

‘जर्मन माल आहे, मरत नाही,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण कोणतेही यंत्र केवळ चांगले बनवले म्हणून चाळीस वर्षे चालत नाही. त्याचे बेअरिंग झिजते, रबर कडक होते, गॅस्केट जळते, आणि त्या दिवशी तो भाग मिळाला तर यंत्र पुढे चालते, नाही मिळाला तर उभे राहते. गेली दहा-बारा वर्षे मी पुण्या-मुंबईकडच्या जुन्या मर्सिडीज गाड्यांच्या दुरुस्तीचे कागद जमवतो आहे : गॅरेजची बिले, दुकानांच्या पावत्या, कंपनीचे सुट्या भागांचे कॅटलॉग आणि काही नीटनेटक्या मालकांनी लिहून ठेवलेल्या वह्या. माझ्याकडे १९८१ ची एक २४० डी आहे, त्यामुळे त्यातली काही बिले माझीच आहेत. या कागदांवरून माझे मत असे झाले आहे की, गाडीचा जो भाग मालवाहू आणि प्रवासी टेम्पोंशी सामाईक होता तो आजही मिळतो. जो निव्वळ श्रीमंतीसाठी होता, तो सर्वांत आधी संपला.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हे थोडक्यात सांगायला हवे. स्वातंत्र्यानंतर लवकरच तयार मोटारींच्या आयातीचे दरवाजे बंद होत गेले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर, जे फक्त सुटे भाग आणून जोडणी करत होते त्यांना इथे निर्मिती करा नाहीतर निघा, असे सांगण्यात आले. मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली, फोर्डही गेली. पुढची चाळीस वर्षे परदेशी मोटार येण्याच्या वाटा मोजक्याच राहिल्या : वकिलातींच्या गाड्या, परदेशी तज्ज्ञांच्या गाड्या, कायमचे परत येणाऱ्यांनी सोबत आणलेल्या गाड्या. वकिलातीची गाडी वापरून झाली की ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई, आणि एखादा कारखानदार, सिनेमावाला किंवा संस्थानिकांचा वंशज ती घेई. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्यामुळे जर्मन गाड्या सरळ बंदरात उतरत, आणि मुक्तीनंतरही त्या बरीच वर्षे तिथल्या रस्त्यांवर दिसत.

म्हणजे गाडी येत होती, पण तिच्या मागे कंपनीचे दुकान येत नव्हते. सुटे भाग आणायचे तर परवाना, परकीय चलन आणि जकात अशी तीन कुंपणे. अशा वेळी मालकाला आधार वाटे तो टेल्कोच्या ट्रकचा. टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ चा; तो पंधरा वर्षे चालला, आणि तोवर जमशेदपूरहून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. त्यावरून ‘ट्रकचे पार्ट मर्सिडीजला बसतात’ अशी समजूत पसरली, आणि ती आजही वयस्कर मंडळींकडून ऐकायला मिळते. जमवलेल्या कागदांत मला तिला पुष्टी मिळाली नाही, आणि आराखडे पाहिले तर मिळण्याचे कारणही नाही. ट्रकचे ओएम ३१२ हे साडेचार लिटरच्या आसपासचे सहा सिलिंडरचे इंजिन. त्या काळच्या १७० डी, १८० डी मोटारींचे ओएम ६३६ हे पावणेदोन लिटरचे चार सिलिंडरचे. दोघांचे पिस्टन शेजारी ठेवले तर एकाच्या पोटात दुसरा मावेल. ट्रकने दिले ते भाग नव्हेत, माणसे दिली. बॉशच्या डिझेल पंपाला न घाबरणारे, जर्मन मापांची आणि टॉर्कच्या तक्त्यांची सवय झालेले मिस्त्री या ट्रकांवर तयार झाले. शिवाय बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये सुरू झालेली ‘मायको’ होती. तिच्या बंगळूरच्या कारखान्यात पंप आणि पुढे नाशिकच्या कारखान्यात नोझल तयार होऊ लागले, तेव्हा डिझेल मर्सिडीजचे निम्मे दुखणे गावातल्या ‘पंपवाल्या’कडे बरे होऊ लागले. नाशिककरांना मायको सर्कल माहीत असते. तिथून थोड्याच अंतरावर बनलेली नोझले मुंबईतल्या आलिशान गाड्यांत बसत, हे फारसे माहीत नसते.

खरा बदल झाला तो ऐंशीच्या दशकात. आता भागीदार असलेल्या डाइम्लर-बेंझकडून बजाज टेम्पोने ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवायला घेतले. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्या त्या इंजिनावर धावू लागल्या. (ट्रॅव्हलरचा सांगाडाही मर्सिडीजच्याच एका व्हॅनचा.) आणि हेच ओएम ६१६ इंजिन १९७३ पासून मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत बसत होते. १९७६ ला आलेली आणि दहा वर्षांत सुमारे सत्तावीस लाख तयार झालेली डब्ल्यू १२३ ही मालिका म्हणजे मर्सिडीजची सगळ्यांत टिकाऊ गाडी असे पुष्कळ जण मानतात. तिच्यातल्या चार लाखांहून अधिक गाड्या २४० डी होत्या. चार सिलिंडर, २.४ लिटर, सुरुवातीला ६५ आणि नंतर ७२ अश्वशक्ती. घाटात ही गाडी एसटीच्याही मागे राहते. पण ती चढते, आणि उद्याही चढेल.

तेव्हा एकाच वेळी असे झाले, की स्टुटगार्टला हे इंजिन जुने ठरून मागे पडत होते आणि इथे ते नव्याने बनू लागले होते. वडापच्या ट्रॅक्समध्ये, शाळेच्या ट्रॅव्हलरमध्ये, रुग्णवाहिकेत. अशा गाड्या दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर पळतात, बेताल भरल्या जातात, आणि वर्षा-दोन वर्षांत इंजिन खोलायला लागते. म्हणून तालुक्याच्या गावीसुद्धा त्यांचे पिस्टन, लायनर, बेअरिंग, हेड गॅस्केट आणि टायमिंग चेन दुकानात ठेवावी लागते. एका पुणेरी मिस्त्रींनी मला हे फार नेमके सांगितले. माझ्या गाडीचे हेड उतरवलेले होते. ते म्हणाले, ‘‘साहेब, बाहेरून तुमची मर्सिडीज. पण पोट टेम्पोचं आहे, म्हणून वाचली. हे पोट मर्सिडीजचंच राहिलं असतं तर मागेच भंगारात गेली असती.’’

मर्सिडीजच्या सुट्या भागांचा क्रमांक वाचायला शिकले की हे नातेसंबंध आपोआप दिसू लागतात. मोटारीच्या भागाचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने सुरू होतो. त्यानंतरचे तीन अंक म्हणजे तो भाग मुळात ज्या मालिकेसाठी आखला ती मालिका. पुढच्या अंकांत तो गाडीच्या कोणत्या गटातला हे सांगितलेले असते : ०३ म्हणजे क्रँक आणि पिस्टन, ०७ म्हणजे इंधन, ३२ म्हणजे सस्पेन्शन, ४२ म्हणजे ब्रेक. डब्ल्यू १२३ च्या कॅटलॉगमध्ये सगळे क्रमांक १२३ ने सुरू होत नाहीत. कित्येक ११५ ने होतात, म्हणजे तो भाग आधीच्या मालिकेकडून जसाच्या तसा आलेला. इंजिनाचे भाग ६१५, ६१६ किंवा ६१७ ने सुरू होतात. आपल्या गाडीच्या भागाचा क्रमांक ६१५ ने सुरू होत असेल तर तो २०० डी, २२० डीलाही चालत होता, आणि बहुधा टेम्पोलाही चालेल. मी कोणतीही जुनी गाडी पाहायला गेलो की बॉनेट उघडण्याआधी हा हिशेब करतो. मालक रंग दाखवत असतो, मी मनात अंक मोजत असतो.

तीनशे डीच्या मालकांची गंमत इथे सांगण्यासारखी आहे. तिचे ओएम ६१७ इंजिन म्हणजे, ढोबळमानाने, ६१६ लाच जोडलेला एक पाचवा सिलिंडर. नळीचा व्यास आणि पिस्टनची धाव दोन्हींत सारखीच, ९०.९ आणि ९२.४ मिलिमीटर. त्यामुळे टेम्पोचे पिस्टन तपासून घेता येतात. पण पिस्टनचा सेट विकला जातो चारचा. पाचव्या सिलिंडरसाठी दुसरा सेट फोडा, असे नाना पेठेतल्या दुकानदाराला सांगून पाहावे. तो मान हलवतो, चहा मागवतो आणि दोन सेटचे बिल करतो. एका मालकाच्या वहीत यावर तोडगा सापडला : त्यांनी दुसरा तीनशे डीवाला शोधून काढला आणि दोघांनी मिळून तीन सेट घेतले. बारा पिस्टन, दहा वापरले, दोन वाटून घेतले.

अर्थात सगळेच जुळते असे समजून बाजारात गेलो तर फसगत होते. ऑइलचा संप, इंजिनाची माउंटिंग, मॅनिफोल्ड, फॅन, पंपाच्या गव्हर्नरची बसवणूक हे सगळे ज्या वाहनात इंजिन जाते त्याप्रमाणे बदलते. ट्रॅक्सच्या पंपाची मांडणी भार ओढण्यासाठी. ती तशीच मोटारीला ठेवली तर गाडी धूर टाकते आणि बसल्या जागी थरथरते. पंपवाल्याकडे मापे घेऊनच जावे लागते. नोझल साधारण ११५ ते १२५ बारला उघडली पाहिजे, आणि चारही जवळजवळ एकाच दाबाला. व्हॉल्व्हचे अंतर इंजिन थंड असताना आत घेणाऱ्या बाजूला ०.१० आणि बाहेर टाकणाऱ्या बाजूला ०.३० मिलिमीटर. हे इंजिन स्वतःहून ते अंतर सांभाळत नाही, ते हाताने, चौदा नंबरचे दोन पाने लावून करावे लागते, आणि नेमके तेच काम करायला कोणी तयार नसते. अंतर कमी होत जाते, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, मग बॅटरी बदलली जाते, सेल्फ बदलला जातो, हीटर प्लग बदलले जातात. जुन्या बिलांमध्ये हा क्रम मला इतक्या वेळा दिसला आहे की तारखा झाकूनही ओळखता येईल. हीटर प्लगचे आणखी एक : १९८० च्या आधीच्या गाड्यांत ते दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असत. एक गेला की चारही थंड. नंतर कंपनीने ते समांतर जोडले. मालकांनी आणि मिस्त्रींनी जुन्या गाड्यांत नवी मांडणी बसवून घेतली, आणि माझ्या मते ती सुधारणा निःसंशय योग्य होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. मोरोक्कोत गावागावांना जोडणाऱ्या ‘ग्रां टॅक्सी’ म्हणजे बहुतांशी हीच २४० डी. मागे चार आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दोन उतारू बसवून ती कित्येक दशके धावली. तिथेही गाडी टिकली ती ती धंद्याची होती म्हणून, आणि धंद्याच्या गाडीचे भाग बाजार स्वतःच सांभाळतो म्हणून.

आता दुसरी बाजू. पोट टेम्पोचे असले तरी अंग मर्सिडीजचे आहे, आणि अंगाला टेम्पो उपयोगी नाही. दाराची रबरे, डॅशबोर्डवरचा लाकडी पत्रा, सीटखालच्या स्प्रिंगा, पुढच्या काचेची क्रोमची पट्टी, वेगमापकातले छोटे दातेरी चाक : यातले काही कोणत्याच कष्टकरी वाहनात नव्हते. त्यातही आपली अडचण जास्त, कारण आपल्याला उजव्या हाताचे स्टीअरिंग लागते. जर्मनीतल्या भंगारखान्यात डब्ल्यू १२३ चे ढीग असले तरी त्यांतली स्टीअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड, वायपरची जोडणी आपल्या कामाची नाही. गाडीच्या चासी नंबरात मालिकेच्या सहा अंकांनंतर येणारा अंक १ असेल तर डावे स्टीअरिंग, २ असेल तर उजवे. हा २ असलेल्या गाड्या प्रामुख्याने जिथे विकल्या गेल्या ते देश मोजकेच : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका, जिथे ईस्ट लंडन या बंदराच्या गावी त्या जोडल्याही जात. आपल्याकडच्या गाड्यांसाठी आलेली पार्सले पाहिली तर तिकीट जर्मनीचे क्वचित, ब्रिटनचे किंवा आफ्रिकेचे जास्त.

व्हॅक्यूमची गोष्ट या दोन्ही बाजूंच्या मधली. २४० डीला विजेवर चालणारी सेंट्रल लॉकिंग नाही. इंजिनावरच्या पंपाने हवा खेचून घेतली जाते आणि त्या ओढीवर दारांची कुलपे उघड-बंद होतात. हीच ओढ इंजिन बंद करायलाही वापरली आहे, कारण डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी तोडून बंद करता येत नाही. परिणाम असा, की मागच्या दारातले पाच-पन्नास रुपयांचे रबरी पडदे फाटले तर चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. ज्याला माहीत नाही तो घाबरतो. ज्याला माहीत आहे तो बॉनेट उघडून पंपावरची ‘स्टॉप’ लिहिलेली लाल कळ दाबतो. श्रीमंतीसाठी केलेली कुलपाची सोय आणि टेम्पोसारखे राबणारे इंजिन एकाच नळीने जोडलेले. आणि बिघाड प्रत्येक वेळी सोयीच्या बाजूने सुरू होणारा. पुष्कळ मिस्त्रींनी कुलपांची नळी बोल्ट घालून कायमची बुजवून टाकली आहे. चारही दारे हाताने लावा, म्हणतात. मला हे पटते.

जिथे भाग मिळत नाही तिथे तो बनवला जातो. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात हे सोपे आहे, कारण मोठ्या कारखान्यांसाठी बुश, ऑइल सील आणि रबरी माउंटिंग बनवणारे छोटे कारखानदार तिथे शेकड्याने आहेत. जुना बुश नेऊन द्यावा, साच्याचे पैसे मोजावेत, आठवड्याने दहा बुश मिळतात. यावर माझी एकच तक्रार आहे : माप बरोबर येते, रबर बरोबर येत नाही. सस्पेन्शनचा बुश किती कडक असावा, हे मूळ आखणाऱ्याने विचार करून ठरवलेले असते. इथे ‘टिकाऊ’ म्हणून जास्त कडक रबर घातले जाते, बुश टिकतो आणि त्याचा धक्का पत्र्याला बसून पत्रा तडकतो. चालवताना शरीराला कळते, बिलात दिसत नाही. त्यामुळे सस्पेन्शनचे भाग मी, महाग पडले तरी, मूळ पुरवठादाराचे घ्यावेत अशा मताचा आहे. तारा छापलेल्या खोक्यातला भाग घेण्याचीही गरज नसते. तोच भाग लेमफर्डर, बॉश, माले यांच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळ स्वस्त मिळतो, आणि कधीकधी तर ताऱ्याची खूण घासून काढल्याचा डागही त्यावर दिसतो. लेथवर करता येण्याजोगे, म्हणजे पिना, वॉशर, कप्प्या, ते मात्र खुशाल इथे करावेत. इथला खरादी त्यात जर्मनीपेक्षा उणा नाही.

आणि मग येते पुण्याचीच मर्सिडीज. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००९ ला चाकणचा स्वतंत्र कारखाना आला. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा गाडीच्या मागे दुकानही होते. इथे बनलेली गाडी म्हणजे सांभाळायला सोपी, असे कोणालाही वाटेल. अनुभव उलटा आहे. आज तीस वर्षांची झालेली ही पुणेरी गाडी सांभाळणे माझ्या २४० डीपेक्षा अवघड आहे. ती इथे बनली नव्हती, इथे जोडली गेली होती. सुटे भाग पेट्यांतून आले आणि इथल्या कोणत्याही राबत्या वाहनाशी तिचे नाते जुळले नाही. तिच्या इंजिनाचा टेम्पो झाला नाही.

त्यात तिचा काळही वाईट. १९९३ ते १९९५ च्या सुमारास मर्सिडीजच्या इंजिनातल्या वायरिंगला जे आवरण वापरले गेले, ते उष्णतेने कडक होऊन पापडासारखे सुटते. पर्यावरणाला सोयीचे म्हणून विघटनशील आवरण वापरले, असे त्याचे कारण सांगितले जाते. आवरण सुटले की तारा एकमेकींना लागतात, संगणक गोंधळतो, आणि मिस्त्री एकेक सेन्सर बदलत बसतो. या पिढीची गाडी घेताना इंजिनावरची एक वायर हलकेच वाकवून पाहावी. चूर पडला तर किमतीतून पूर्ण वायरिंगचे पैसे वजा करावेत. नवे वायरिंग राइनकाठच्या गेर्मर्सहाइमच्या गोदामातून मागवता येते, किंवा आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या बॅगेतून शारजाच्या बाजारातले जुने आणता येते. जुने आणणे म्हणजे तीच चूर विकत घेणे. पुण्यातले काही वायरमन धीराने एकेक तार बदलून जुन्याच जोडांत नवे वायरिंग ओवून देतात. आठ-दहा दिवसांचे काम असते, आणि माझ्या पाहण्यात आलेली अशी वायरिंगे अजून तरी टिकून आहेत.

स्टुटगार्टजवळ फेलबाखला कंपनीने १९९३ मध्ये जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र केंद्र काढले. बंद पडलेले भाग थोड्या संख्येने पुन्हा बनवले जातात. पण तिथे काय बनते हे तिकडचा संग्राहक काय मागतो त्यावर ठरते. दोन दारांची स्पोर्ट्स गाडी असेल तर आशा ठेवावी. उजव्या हाताच्या डिझेल सलूनसाठी फारशी ठेवू नये.

प्रश्न आता भागांचाही उरलेला नाही, तो कायद्याचा आहे. आयात केलेल्या चारचाकीची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी नूतनीकरण करण्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये चाळीस हजार रुपये करण्यात आले होते, आणि ते दर पाच वर्षांनी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, पण रोजच्या वापराला मनाई. पहिल्या डब्ल्यू १२३ गाड्या आता कुठे या उंबरठ्यावर येत आहेत. पुण्यात जोडलेल्या पहिल्या डब्ल्यू १२४ ला २०४५ पर्यंत थांबावे लागेल. मधली वीस वर्षे ती नवीही नाही आणि वारसाही नाही, फक्त जुनी आहे.

याहून गुंतागुंतीची अट दुसरी आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. ज्या गाडीत फक्त पिस्टन-बेअरिंग टेम्पोचे आहेत, तिला अडचण येऊ नये. पण मूळ ब्लॉक तडकला म्हणून आकुर्डीवाल्यांचे अख्खे इंजिन बसवून आरसी बुकात नवा क्रमांक चढवून घेतलेल्या गाड्या कमी नाहीत. आराखडा तोच, परवाना त्याच कंपनीचा. ते इंजिन बसले नसते तर गाडी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे कधीच कापली गेली असती. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने याला बदल म्हणायचे की दुरुस्ती? नियमात याचे उत्तर नाही.

माझ्या ओळखीच्या काही मालकांनी त्यावर आपापल्या परीने तजवीज करून ठेवली आहे. सारे आयुष्य टेम्पोच्या इंजिनावर काढलेल्या गाडीशेजारी, गॅरेजच्या कोपऱ्यात, तिचा मूळचा तडकलेला ब्लॉक ठेवलेला असतो. ग्रीस चोपडून, गोणपाटात बांधून. पावसाळा संपला की गोणपाट सोडायचे, ६१६ ने सुरू होणारा कोरलेला क्रमांक फडक्याने पुसून वाचता येतो का ते पाहायचे, आणि पुन्हा बांधून ठेवायचे.